मामंजींची गुळाची तुला

लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत असे. त्याला कारणंही होती. ठाण्याच्या मुलींच्या शाळेत तिसरं पुस्तक संपवून मी चौथ्याला हात घातला होता, आणि माझा थोरला भाऊ मुंबईला डॉक्टरी शिकून ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात लागला होता. भाऊ डॉक्टर झाला म्हणून बहिणीला नाडी कळू लागते असं नाही. पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आमच्या नौपाड्यातल्या घरी दादा मोठमोठ्याने पाठ म्हणायचा आणि मी शेजारी वाती वळत बसायची. वातींबरोबर अर्धी डॉक्टरीही आपल्या हाताला लागली, अशी माझी बालंबाल खात्री होती.

सासरी माझ्या विद्येची कदर लगेच झाली. सासूबाईंनी मला मुंग्यांवर नेमलं.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मधुमेह होता. परसदारी न्हाणीच्या मागे एक काळी फरशी होती, तिथे ते लघवीला जात. वडीलधाऱ्यांबद्दल असलं लिहू नये हे मला कळतं. पण ज्या गोष्टीचं मूळच त्या फरशीवर आहे, ती तुळशीवृंदावनापासून कशी सुरू करू? तर ते उठून गेले, की भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग निघायची. गावजेवणाचं आमंत्रण फिरल्यासारखी, लेकुरवाळी, नटूनथटून. वैद्यबुवांनी सांगून ठेवलं होतं की मुंग्या येताहेत तोवर रोग आहे. फरशीवर पाणी ओतायचं काम सुनेचं, म्हणून मुंग्यांची खबर आणायचं कामही सुनेचंच.

सासूबाई देवघरातूनच विचारायच्या, "काय गं, आल्या का?"

"आल्या."

"पुष्कळ?"

"पंगत बसलीय."

मग त्या घंटा जरा जोरात वाजवायच्या.

मामंजी म्हणजे आमच्या आळीतले नावाजलेले खाणारे. आग्रह करून वाढणाऱ्याला हात टेकायला लावतील असे. त्यांच्या पैजेच्या जिलब्यांच्या कथा मी लग्नाआधीच ऐकल्या होत्या. माझ्या वडिलांनी स्थळ पाहताना तेवढी एकच चौकशी नीट केली असावी. पण मी आले तेव्हा खाणं वाघाचं आणि अंग बगळ्याचं अशी तऱ्हा होती. अंगरखा खुंटीवर टांगल्यासारखा खांद्यावर लोंबायचा. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे आणि तांब्यामागून तांब्या बाहेर टाकून यायचे.

वैद्यबुवा डोंबिवलीचे. तेव्हा डोंबिवली म्हणजे भाताची खाचरं आणि त्यांच्या मधोमध चार घरं. बुवा काही वेडगळ नव्हते. गोड बंद, नवा तांदूळ बंद, जवाची भाकरी खा आणि रोज अनवाणी लांबवर चालत जा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मामंजींनी ते मान डोलावून ऐकलं. पण सरकारी पेन्शनीतला पागोटेवाला माणूस अनवाणी कसा फिरणार? म्हणून वहाणा आल्या. वहाणा घालून चालणाऱ्या माणसामागे निदान आपली बैलगाडी तरी हवी, म्हणून गाडी आली. मामंजी दिंडीदरवाजातून ऐटीत चालत निघायचे, पहिलं वळण आलं की गाडीत बसायचे, ठाकुर्लीपर्यंत हवा खाऊन परत त्याच वळणावर उतरायचे आणि घाम पुसत घरात यायचे. चालण्याचा गुण आला, नाही असं नाही. बैल चांगले सडपातळ झाले.

गोड बंद झालं तेही असंच. घरात बंद. लोकांच्या पंगतीला गेलं आणि गोडाला नाही म्हटलं तर यजमानाचा अपमान, म्हणून तिथे चालू. देवाचा प्रसाद नाकारायचा कसा, म्हणून तोही चालू. सासूबाईंचं ठाम मत होतं, "आग्रहाचं आणि नैवेद्याचं बाधत नाही." मग त्यांनी घरातही रोज काहीतरी नैवेद्याला करायला सुरुवात केली. त्या वर्षी आमचे देव फार गोडघाशे झाले होते.

एकदा मामंजी फिरून आले. पाय धुवायला पाणी घेऊन मी पुढे झाले, तर उंबऱ्यापासून ओसरीपर्यंत रक्ताचे ठिपके. वहाणेचा खिळा वर निघून टाचेत रुतला होता.

"मामंजी, खिळा!"

"कुठे?" म्हणून ते छताकडे बघायला लागले.

त्यांना कळलंच नव्हतं. पायात खिळा घेऊन माणूस वळणापासून घरापर्यंत चालत आला आणि त्याच्या भुवईला आठी नाही! मी कीर्तनातून ऐकलेलं सगळं वैराग्य एकदम आठवलं. मी स्वयंपाकघरात धावत जाऊन सांगितलं, "सासूबाई, मामंजींना देहभान राहिलेलं नाही." आता विद्वान सून सांगतेय म्हटल्यावर! संध्याकाळी शेजारच्या बायका दर्शनाला आल्या. एका काकूंनी तर नेमक्या त्या टाचेवर डोकं टेकलं. ती जखम गणपतीत झाली आणि शिमगा आला तरी ओलीच होती. पण सत्पुरुषाच्या जखमेला घाई कसली?

तसंच त्यांच्या पोथीचं. वाचता वाचता ते थांबायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, कोळिष्टकं फार झालीत गं इथे." मी उंच केरसुणी घेऊन ओसरीचं आढं झाडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "अगं, कोळिष्टकं!" मी पुन्हा झाडायची. आढं असं लख्ख झालं की पालींनी घर बदललं. पण कोळिष्टकं त्यांच्या डोळ्यांत होती हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं वर करून झाडणाऱ्याच्या डोक्यात केराशिवाय काय येणार?

आता माझा नातू डॉक्टर आहे. तो सांगतो की रक्तात साखर वर्षानुवर्षं राहिली की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. मी त्याला म्हटलं, "अस्तर म्हणजे पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई असते, तसं ना?" तो म्हणाला, "आजी, तसंच समज." चिंच शिजवून शिजवून जशी कल्हई उडते आणि मग त्यात जे ठेवाल ते कळकतं, तशी साखर ही आतली कल्हई खाते. मोठ्या पातेल्यांना वेळ लागतो. केसाहून बारीक वाहिन्या आधी जातात. त्या असतात डोळ्यांच्या पडद्यात, पायांना जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंपाशी, आणि मूत्रपिंडात. म्हणजे आमच्या घरात खिळा, कोळिष्टकं आणि फरशी अशा तिन्ही ठिकाणी रोग दवंडी पिटत होता, आणि मी पहिल्याला वैराग्य, दुसऱ्याला केर आणि तिसऱ्याला काय म्हटलं ते पुढे सांगते. ते सगळ्यांत रसाळ आहे.

सासूबाईंनी देवीला नवस बोलला होता. मुंग्या गेल्या की तुझ्या दारात ह्यांची गुळाने तुला करीन. मधुमेहाच्या माणसाची गुळाने तुला! देवीलासुद्धा क्षणभर आपण नीट ऐकलं ना असं झालं असेल. पण आम्हां कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही. मला तर नाहीच नाही. मी तेव्हा मामंजींना रोज सकाळी कारल्याचा रस काढून देत होते आणि देवीचं काम बरंचसं मीच करते आहे अशा समजुतीत होते.

आणि खरंच मुंग्या कमी झाल्या.

त्या पावसाळ्यानंतर रांग पातळ झाली, मग तुरळक एकदोघी यायच्या आणि हुंगून परत जायच्या, मग त्याही येईनात. मी एकदम सासूबाईंना सांगितलं नाही. शास्त्रीय बुद्धीची होते ना! मुंग्याच मेल्या नाहीत कशावरून? म्हणून फरशीच्या कडेला चिमूटभर साखर टाकून बघितली. साखरेला ही झुंबड! फरशीकडे मात्र एकीने मान वळवली नाही. तेव्हा मी जाहीर केलं की रोग गेला. शिवाय फरशीवर हल्ली फेस येत होता, ताकासारखा, बराच वेळ न मोडणारा. त्याचाही अर्थ मी लावला. रिठ्याने कपडा धुतला की मळ फेसातून निघतो, तसा मामंजींच्या आतला मळ निघतो आहे. सासूबाईंनी माझ्या तोंडात साखर घातली.

तशात मामंजींनी अंग धरलं. गाल वर आले. सकाळी उठले की डोळे उघडायला कष्ट पडत, इतका चेहरा भरलेला. बोटातली अंगठी निघेना. वर्षभर लोंबणारा अंगरखा तटतटायला लागला. येणारा जाणारा म्हणायचा, "वा, बाळसं धरलंत की!" आणि मामंजी माझ्याकडे हात करून म्हणायचे, "आमच्या घरी धन्वंतरी आहे. कारलं पाजते, पण प्रेमाने." मी पदराआड तोंड करून लाजायची आणि मनात म्हणायची, हे काहीच नाही.

थोडं चाललं की त्यांना धाप लागायची, हे खरं. पण अंगात मांस आलं की धाप लागणारच. हा शोधही माझाच.

तुलेचा दिवस ठरला. मी दादाला ठाण्याला पत्र घातलं. त्यात काय लिहिलं होतं ते आठवलं की अजून कान तापतात. "तुमच्या विलायती विद्येला जे साधत नाही, ते इथे कारल्याने साधले आहे, तरी पाहावयास यावे."

देवळाच्या सभामंडपात धान्यवाल्याचा मोठा काटा आणून तुळईला टांगला होता. एका पारड्यात पाट ठेवून त्यावर मामंजी शेला पांघरून मांडी घालून बसले. दुसऱ्यात गुळाच्या ढेपी चढायला लागल्या. अंदाजाने आणलेल्या ढेपी संपल्या आणि पारडं जागचं हललं नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. वाण्याकडे माणूस धावला. आणखी ढेपी आल्या, तरी मामंजी जमिनीला चिकटून.

"बसणार नाही तर काय," शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुनेची सेवा आहे मागे!"

सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. प्रत्येक ढेपेला त्या हात जोडत होत्या. मामंजी पारड्यातून हाकारले, "अगं, पुरे! देवीचे दात किडतील." शेवटी पारडं सुटलं आणि ते हलत हलत वर आले, तेव्हा देवळात जो गजर झाला! पहिला गुळाचा खडा अर्थातच त्यांना.

दादा खांबाशी उभा होता. सकाळच्या गाडीने आला होता. त्याचं लक्ष गुळाकडे नव्हतं. मामंजी पारड्यातून उतरले आणि वहाणेत पाय घालायला गेले, तर पाय आत जाईना. पाय नव्हतेच ते, उकडीच्या मोदकांचं पीठ मळून ठेवल्यासारखे दोन गोळे होते. दादा पुढे होऊन त्यांच्यापाशी उकिडवा बसला. लोकांना वाटलं नमस्कार करतोय. त्याने नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. अंगठा उचलला, पण खड्डा तसाच राहिला. कणकेत बोट रुतवावं तसा.

"दादा, नमस्कार असा करतात?" मी कुजबुजले.

"मुंग्या कधीपासून गेल्या?" त्याने मला विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. साखरेचा प्रयोग, फेस, रिठा, कारलं, काही सोडलं नाही. जसजशी मी रंगत गेले तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला, आणि मी समजले की विलायती विद्येचा पराभव त्याच्या जिव्हारी लागतोय.

घरी आल्यावर त्याने काचेची नळी काढली. हे असलं काही स्वयंपाकघराच्या आसपास चालणार नाही असं सासूबाईंनी बजावलं, तेव्हा प्रयोग गोठ्यात झाला. दिव्याच्या ज्योतीवर त्याने नळीतली लघवी तापवली, वरून कसलेसे थेंब टाकले. आतलं पाणी ढवळलं गेलं आणि पांढरं थबथबीत साखळून आलं. गाय आणि मी दोघी बघत होतो. गाईला जास्त कळलं असावं, ती मान वळवून निघाली.

"हे काय?" मामंजींनी ओसरीवरून विचारलं.

आणि माझ्या विद्वान भावाने, कोणाच्या घरात उभे आहोत ह्याचा जरासुद्धा विचार न करता, सांगितलं, "अंड्यातलं पांढरं उकडल्यावर घट्ट होतं ना, तशातलंच सत्त्व आहे हे. शरीरातलं. बाहेर जाता कामा नये ते जातंय."

"शिव शिव शिव!" सासूबाई कानांवर हात ठेवून मागे सरल्या. "अंडं? आमच्या घरात? ह्यांच्या पोटात?" त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की इकडून जन्मात असला पदार्थ पाहिलासुद्धा नाही, आणि ज्याने नळी आणली त्यानेच तो आणला असणार. मग त्या विहिरीवर अंघोळीला गेल्या. येऊन पाहतात तो विषय तोच, म्हणून पुन्हा गेल्या.

सासूबाई दुसऱ्यांदा ओलेत्या परत आल्यावर मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. "पण दादा, मुंग्या गेल्या ना?"

दादा कधी माझ्यावर चिडत नसे. तेव्हाही चिडला नाही, त्यामुळे मला पहिल्यांदा भीती वाटली.

"तू श्रीखंडाला दही बांधतेस ना? पाणी गळून जातं, चक्का राहतो. तशी दोन फडकी आपल्या पाठीत आहेत, नुसत्या बारीक वाहिन्यांची विणलेली. साखर फार झाली की ती पाण्याबरोबर उतू जाते. तेव्हा तुझ्या मुंग्या येत होत्या. आता त्या साखरेने फडकंच खराब केलं. कुठे ते फाटलंय, त्यातून चक्का निघून चाललाय. तो तुझा फेस. आणि बाकीचं बुजलंय. ते बुजल्यावर साखरेला बाहेर यायला वाटच कुठे राहिली?"

"म्हणजे रोग गेला नाही?"

"रोग आत गेला. आणि पाणीही बाहेर जायचं थांबून अंगात भरलं."

मग मामंजी म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, आज आमची तुला झाली ती..."

"बरीचशी पाण्याची."

मामंजी हसायला लागले. "पाणी तोलून गूळ दिला गं आपण देवीला! ह्या व्यवहारात देवी चांगली निघाली." हसता हसता त्यांना धाप लागली, ती थांबेना. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली तेव्हा ओला पदर तसाच त्यांच्या खांद्यावर ठिबकत होता. मी मात्र तिथून उठले, परसात गेले आणि कारल्याचा मांडव उपटला. जणू चूक कारल्याची!

दुसऱ्या दिवशी वैद्यबुवा आले. दादा आणि बुवा ओसरीवर समोरासमोर बसले. मला वाटलं आता जुंपणार. पण ते दोघं सोयरिकीला आल्यासारखे एकमेकांशी अदबीने बोलत होते, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की दोघांच्या पिशव्या मिळूनही त्यात औषध नाही. दादाकडे रोगाचं नाव होतं, बुवांकडे पथ्य होतं. दादा म्हणाला विश्रांती आणि दूध. बुवा म्हणाले सूज आहे तोवर मीठ वर्ज्य, संपूर्ण अळणी. दादा म्हणाला, "ते करून बघाच. हे पाणी असंच चढत राहिलं तर छातीत जाईल, मग आडवं पडून श्वास घेता येणार नाही. मीठ सोडलं तर काही दिवस हातात राहतील. नाही सोडलं तर थोडेच आहेत."

इतकं उघड कोणी आमच्या घरात बोललं नव्हतं.

मामंजी मिठाच्या खात्यात नोकरीला होते हे सांगायचं राहिलंच. कोपरकडच्या खाडीकाठच्या मिठागरांवर देखरेख करण्यात त्यांची हयात गेली. कोणाच्या घरचं मीठ कुठल्या आगरातलं हे ते जिभेवर ठेवून सांगायचे. साखर सोडायला सांगितली तेव्हा त्यांनी निदान वळणापर्यंत चालून दाखवलं होतं, मीठ सोडा म्हटल्यावर ते सरळ म्हणाले, "त्यापेक्षा मेलेलं बरं."

आपल्याकडे पानात पहिलं वाढतात ते मीठ, पानाच्या वरच्या अंगाला, मधोमध. पहिल्या अळणी दिवशी मामंजी पाटावर बसले आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. भात कालवला, आमटीचा घास घेतला, पान सरकवलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना राहवेना. त्यांनी भाताच्या मुदीखाली चिमूट दडवली. मामंजी सगळं जेवले. दोन दिवसांत पायांचे गोळे आणखी फुगले आणि बसल्या जागी धाप लागायला लागली. सासूबाई समजल्या. मुदीखालची चिमूट बंद झाली, आणि मामंजी पुन्हा अर्ध्या पानावरून उठायला लागले. खायला घालावं तर पाणी चढतं, न घालावं तर माणूस उपाशी. सासूबाई मीठही घालू शकत नव्हत्या आणि आग्रहही करू शकत नव्हत्या, आणि त्यांच्याकडे ह्याखेरीज तिसरं शस्त्र नव्हतं.

मी? मी व्रत घेतलं. मामंजी मीठ खात नाहीत तोवर मीही खाणार नाही, असं देवासमोर मोठ्याने म्हटलं, घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं. मोठ्याने म्हटलेली व्रतं किती टिकतात ते मला चार दिवसांत कळलं. कोठीच्या दाराआड मी लोणच्याची फोड तोंडात घातली आणि बाहेर आले, तर सासूबाई निवडण टिपताना वरही न बघता म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या व्रताला मोहरीचा वास येतोय."

मामंजींना आता ओसरीवर बसवेना. त्यांचं अंथरूण माजघरात आणलं, पाठीशी लोड लावून. तिथून स्वयंपाकघराचं दार थेट समोर. त्या दुपारी ते असेच दोन घास खाऊन उठले होते. पुरुषांची पानं झाली की सासूबाई मामंजींच्याच उष्ट्या पानात वाढून घेऊन जेवायच्या, रिवाजच होता तो. नवऱ्याच्या पानातलं आधी संपवायचं, मग स्वतःचं घ्यायचं. पण नवऱ्याने बायकोला जेवताना बघायचं हा रिवाज नव्हता. उभ्या संसारात त्यांनी बघितलं नव्हतं. त्या दिवशी दार लोटायचं राहिलं.

मी वाढत होते. सासूबाईंनी मामंजींनी टाकलेला अळणी भात पुढे ओढला, अळणी आमटी कालवली आणि खायला लागल्या. मिठाचा सट त्यांच्या डाव्या हाताशी होता. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. एकेक घास, शीत न सांडता, खाली बघून.

"अगं," माजघरातून आवाज आला, "मीठ घे की."

सासूबाई दचकल्या. त्यांनी पदर पुढे ओढला, पानावरून आडवा हात धरला. "इकडून बघू नये. जेवतेय मी."

"मीठ घे म्हणतो. तुला कोणी बंद केलंय?"

"ह्या पानात मीठ वाढलेलं नाही."

"मग वाढून घे."

"ज्या पानात मुळात नाही त्यात मागून कसं घ्यायचं?"

"किती दिवस चाललंय हे?"

सासूबाईंनी पुढचा घास कालवला. मीच आगाऊपणे म्हटलं, "पहिल्या दिवसापासून." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पळी आमटीऐवजी ताकात बुडवली.

माजघरातला श्वास घरघरला. मग मामंजींनी विचारलं, "कसं लागतं?"

सासूबाईंनी घास गिळला. "घाण," त्या म्हणाल्या.

मामंजी हसले, धाप लागेपर्यंत. धाप ओसरल्यावर म्हणाले, "सूनबाई, आमचं पान पुन्हा मांड. आणि जेवताना हे दार लोटू नका कोणी."

तेव्हापासून ते पूर्ण जेवले. मधूनमधून शिव्या घालत, वैद्यबुवांच्या सात पिढ्या काढत, पण जेवले. मग सासूबाई बसायच्या आणि ते लोडाला टेकून त्यांच्याकडे बघत राहायचे, आणि मध्येच विचारायचे, "आजचं?" "कालच्यापेक्षा घाण," असं उत्तर यायचं. पायांची सूज उतरली, सगळी नाही, पण वहाणेत पाय जायला लागले. आडवं झोपता यायला लागलं. संक्रांत झाली, शिमगा झाला, आंबे आले आणि त्यांनी नुसता वास घेऊन बाजूला ठेवले. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस फडकं पुरतं बुजलं. शेवटी शेवटी ते ग्लानीतच असायचे. मळमळायचं, अंगाला खाज सुटायची, माणूस ओळखायचे नाहीत. तरी सासूबाई पान घेऊन बसल्या की डोळे त्या दाराकडे वळायचे. दादा म्हणाला होता त्यापेक्षा दिवस जास्तच मिळाले. नातू म्हणतो की आता साखरेवर सुई निघाली आहे; पण ते फडकं एकदा विटलं की नवं विणून देणारा अजून कोणी जन्मला नाही.

ते गेल्यावरही सासूबाई अळणीच जेवत राहिल्या. गावात बभ्रा झाला. बायका यायच्या, पाया पडायच्या, "केवढं हे व्रत, नवऱ्यामागे मीठ सोडलं," म्हणून डोळे पुसायच्या. मीही चारचौघींत अभिमानाने सांगायची. एकदा मी त्यांच्याच समोर सांगायला लागले तेव्हा त्या पाहुण्या बाईंसमोर काही बोलल्या नाहीत. बाई गेल्यावर पाटावर बसत म्हणाल्या, "व्रत कसलं डोंबलाचं? मीठ घालून बघितलं गं मी दोनदा. एकटीला गिळवत नाही."